समोरच्या दातांच्या कॅप बदलताना: झिरकोनिया की ई-मॅक्स?

माझ्या समोरच्या दोन दातांच्या जुन्या कॅप बदलायचं ठरलं, तर क्लिनिकमध्ये सगळ्यात आधी हातात काय पडलं? वॉरंटी कार्डं. या झिरकोनियाला (कॅपसाठी वापरतात ते पांढरं सिरॅमिक) इतकी वर्षं, त्याला तितकी. रंगाबद्दल अवाक्षर नाही! अहो, समोरचा दात आहे. तो टिकायला हवाच, पण शेजारच्या दातांत मिसळायला नको?

जुन्या कॅप आतून धातूच्या, वरून पोर्सेलिनच्या. हिरडी वर सरकल्यामुळे कडेला करडी रेघ दिसायची, त्यामुळे धातू बाद. उरले दोन पर्याय. झिरकोनिया मजबूत, पण दिसायला जरा दुधट. लिथियम डायसिलिकेट हे काचेसारखं सिरॅमिक, ज्याला सर्रास ई-मॅक्स म्हणतात, ते ताकदीला कमी. पण त्यातून उजेड खऱ्या दातासारखा आत जातो. मी ई-मॅक्स सांगितलं. जुन्या कॅप कापणं, माप, तात्पुरत्या कॅप, हे सगळं सुरळीत झालं.

नव्या कॅप लावून बघितल्या तेव्हा गाडी अडली. एक सुरेख, दुसरी राखाडी. त्या दुसऱ्या दाताचं पूर्वी रूट कॅनल झालेलं, आत धातूची पोस्ट, म्हणजे आधाराची दांडी. ज्या नितळपणासाठी ई-मॅक्स घेतलं, त्यातूनच आतला काळेपणा बाहेर डोकावत होता. कॅप बनवणाऱ्या लॅबचं म्हणणं, आतल्या दाताचा रंग आम्हाला कळवलाच नाही. डॉक्टरांचं म्हणणं, लॅबला हे कळायला हवं होतं. मग ‘कॅप चिकटवायच्या सिमेंटने झाकू या’. सिमेंटच्या रंगाची ट्रायल पेस्ट लावून पाहिली. डोळ्यांना काही फरक दिसेना. शेवटी ऐकवलं, ‘बोलताना कोण एवढं बघतंय?’ मी बघतोय ना, रोज आरशात! खुर्चीवरच्या दिव्याखाली सगळंच गोरं दिसतं, म्हणून हातात आरसा घेऊन खिडकीशी गेलो आणि डॉक्टरांनाही बोलावलं. तिथे वाद मिटला. कायमचं सिमेंट लावू दिलं नाही, याचा मला आजही आनंद आहे. एकदा ते बसलं की कॅप कापूनच काढावी लागते.

शेवटी दोन्ही दातांना आतून झिरकोनिया आणि वरून पोर्सेलिनचा थर. आतला भाग पोस्ट झाकतो, वरचा थर नितळपणा देतो. वरच्या थराचा टवका उडू शकतो, म्हणून झोपेत दात खाणाऱ्यांनी नाइट गार्डचं (रात्री दातांवर घालायचं कव्हर) आधीच विचारावं. एकाला ई-मॅक्स, दुसऱ्याला झिरकोनिया हे मी नाकारलं. शेजारशेजारचे दात उजेड बदलला की वेगळे दिसले असते.

या खेपेला शेड, म्हणजे दाताच्या रंगाची छटा, क्लिनिकमध्ये आल्याआल्याच घेतली. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून जास्त पांढरे दिसतात. शेड गाइडची (रंगांच्या नमुन्यांची) पट्टी दाताशेजारी धरून फोटो, कॅपसाठी घासून लहान केलेल्या दाताचाही फोटो, दोन्ही लॅबला पाठवायला लावले. दात उजळवायचे असतील तर ब्लीचिंग कॅपच्या आधी करा आणि रंग स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे द्या. कॅप ब्लीचने उजळत नाही.

आणि हो, पक्क्या करण्याआधी ‘फ’, ‘व’ असलेले शब्द मोठ्याने बोलून बघा. खालच्या ओठाला दात टोचला तर लांबी जास्त आहे. माझी एक किंचित लांब होती, ती तेव्हाच घासून घेतली.