होणार आहे आणि होईल

मंगळवार, रात्री

दिवसभर एका इंग्रजी पत्राचा फ्रेंच अनुवाद चालला होता. पत्र घरगुती, एका बाईंनी फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या मैत्रिणीला लिहिलेलं. ओळीओळीला 'विल' आहे, आणि दर वेळी थांबावं लागतं: हा नुसता अंदाज, दिलेला शब्द, की आधीच ठरलेला बेत?

फ्रेंचमध्ये 'ज व्हे पार्तीर' (मी निघणार आहे) आणि 'ज पार्तिरे' (मी निघेन) ही दोन्ही भविष्याचीच रूपं. पहिल्याला 'फ्युतुर प्रोश', म्हणजे जवळचा भविष्यकाळ, म्हणतात. नाव फसवं आहे. दहा वर्षांनी निवृत्त होणारा माणूसही हे रूप वापरतो आणि 'आज रात्री फोन करीन' हे साध्या भविष्यकाळात सहज बसतं. अंतर दिवसांचं नाही. गोष्ट आजच्या परिस्थितीत किती रुजली आहे, याचं आहे. 'एल व्हा अव्हुआर अँ नाँफाँ' म्हटलं की ती बहुधा गरोदर आहे. 'एल ओरा अँ नाँफाँ' म्हणजे कधीतरी होईल. तिला मूल होणार आहे, तिला मूल होईल. आपल्याकडे हा भेद जसाच्या तसा आहे! म्हणून आता मी इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत म्हणते, मग फ्रेंचकडे वळते. माझ्या मते मराठी माणसाने हाच रस्ता धरावा.

सगळीकडे मात्र तो चालत नाही. 'पोहोचले की फोन करते' यात आपण चक्क भूतकाळ वापरतो, इंग्रजी तिथे वर्तमान घेतं, आणि फ्रेंच दोन्हीकडे भविष्य मागतं: 'काँ जारिव्रे, ज ताप्पेलरे'. 'जर' आला की पुन्हा वेगळं. 'सी', म्हणजे 'जर', नंतर वर्तमानच: 'सी जे ल ताँ, ज व्हियँद्रे', वेळ असला तर येईन.

'तो जेवणार नाही' यातला हट्टही पत्रात आहे. नातू ताटाकडे बघतसुद्धा नाही. तिथे भविष्यकाळ नकोच, 'इल न व्ह पा माँजे', त्याला जेवायचंच नाहीये.

साधं भविष्यरूप लॅटिनच्या 'कांतारे हाबेओ'सारख्या जोडीतून आलं, साधारण 'मला गायचं आहे' अशा अर्थाच्या. 'शाँत्रे'च्या (मी गाईन) शेवटी 'अव्हुआर' (जवळ असणे) क्रियापदाच्या 'जे'मधलं 'ए' अजून ऐकू येतं. हे कळल्यापासून ती रूपं पाठ करायचा कंटाळा गेला.

शेवटचा परिच्छेद उद्यावर ठेवलाय. बाई लिहितात, उन्हाळ्यात यायचा विचार आहे. 'ज पाँस व्हनीर' की 'ज काँत व्हनीर'? दुसऱ्यात भरवसा जास्त. त्यांनी तिकीट काढलंय का, ते सकाळी फोन करून विचारते.