निफाडच्या थंडीत गोबरगॅस : पाचटाच्या ढिगाने यंदा साथ दिली

मंडळी, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा यंदा पुन्हा एक आकडी झाला आहे आणि शिवारातल्या द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटू लागल्या आहेत. तरीही आमच्या दोन घनमीटरच्या दीनबंधू संयंत्रावर (जमिनीत बांधलेल्या, पक्क्या घुमटाच्या गोबरगॅस संयंत्रावर) सकाळचा चहा, दुपारचा स्वयंपाक आणि रात्रीच्या भाकरी हे सारे निघत आहे. गेल्या हिवाळ्यात याच सुमारास ज्योत मंदावत जाऊन रात्रीच्या भाकरी चुलीवर न्याव्या लागल्या होत्या, हे मागील नोंदी वाचणाऱ्यांना आठवत असेल. म्हणून आजची नोंद मोठ्या समाधानाने लिहीत आहे.

मूळ अडचण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. गोबरगॅसमधला जळणारा वायू म्हणजे मिथेन. तो तयार करणाऱ्या जिवाणूंना साधारण ३५ अंशांची ऊब मानवते. २० अंशांच्या खाली त्यांचे काम रेंगाळते आणि १० अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. दीनबंधूचा पाचक, म्हणजे शेण कुजते ती टाकी, जमिनीत असल्यामुळे रात्रीच्या कडाक्याचा त्याला थेट फटका बसत नाही, परंतु जमीन जसजशी खोलवर निवत जाते तसतशी आतली मळी, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण, हीही निवते. जमिनीतली थंडी हवेच्या थंडीमागून सुमारे महिनाभराने येत असल्याने, हवा डिसेंबरअखेर सर्वांत गार असली तरी गॅसची खरी ओढाताण जानेवारीच्या उत्तरार्धात जाणवते. कित्येक जण डिसेंबरात गॅस टिकला म्हणून निश्चिंत होतात आणि जानेवारीत गॅस घटला की त्याचे खापर शेणावर फोडतात.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो शेण वाढवण्याचा. माझे मत याच्या अगदी उलट आहे. थंडीत आम्ल तयार करणारे जिवाणू मिथेनच्या जिवाणूंइतके सुस्तावत नाहीत. त्यामुळे जास्तीचे शेण गेले की आम्ल साचते, निकास कुंडीतल्या, म्हणजे पाचकातून बाहेर पडून साठणाऱ्या, मळीला आंबूस वास येऊ लागतो आणि गॅस वाढण्याऐवजी आणखी घटतो. त्यातच जादा शेणाबरोबर जादा गार पाणीही आत जाते आणि मळी पाचकात मुरण्याचा काळ कमी होतो. थंड प्रदेशासाठी हा काळ ४० ऐवजी ५५ दिवसांचा धरतात, तो याच कारणाने. हिवाळ्यात संयंत्राला शेणापेक्षा उबेची गरज अधिक असते, हे सूत्र धरून यंदाची सारी आखणी केली.

पहिला बदल शेण कालवण्याच्या वेळेत केला. सकाळी गारठलेले शेण आणि टाकीतले गार पाणी कालवण्याऐवजी आता दुपारी चारच्या सुमारास ताजे शेण आणि उन्हात तापलेले पाणी कालवतो. काळा रंग दिलेली टाकी लाकडी खोक्यात ठेवून वर जुन्या खिडकीची काच बसवली आहे. निरभ्र दिवशी चार वाजेपर्यंत तिच्यातले पाणी १६ अंशांवरून ४६ अंशांपर्यंत चढते. याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. ५० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला १५०० किलोकॅलरी लागतात. पाचकात सुमारे ४००० लिटर मळी धरली, तर एवढ्या उष्णतेने तिचे तापमान रोज जेमतेम ०.४ अंशाने वाढेल. हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु जमिनीत रोज निसटणारी ऊब भरून काढायची असते तेव्हा तो मोलाचा ठरतो. हेच पाणी गोबरगॅसवर तापवायचे म्हटले तर अर्ध्या घनमीटरहून थोडा अधिक गॅस खर्च होईल, म्हणजे हिवाळ्यात हाती येणाऱ्या गॅसचा जवळजवळ निम्मा वाटा. पाणी गॅसवर तापवून ओतण्याची सूचना ज्यांनी केली होती, त्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

पाण्याचा काही भाग कमी करून त्या जागी गोमूत्र घालण्याचा उपाय चालू ठेवला आहे. त्याचा लाभ होतो, मात्र हात आखडता ठेवावा लागतो, कारण अमोनिया वाढला तर जिवाणूंनाच त्रास होतो.

खरी कलाटणी मिळाली ती पाचटाच्या ढिगामुळे. घुमटावरच्या मातीवर आणि भोवतीच्या जागेवर उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, कोंबडखत आणि निकास कुंडीतली मळी यांचे थर देऊन कंबरेच्या वर ढीग रचला आणि तो जुन्या ताडपत्रीने झाकला. नुसते पाचट कुजायला फार वेळ घेते, कारण त्यात कर्बाच्या मानाने नत्र अगदी थोडे असते. ते कोंबडखताने आणि मळीने भरून निघाले, आणि आठवडा उलटायच्या आत ढिगाच्या मध्यभागी ५५ अंश तापमान मिळाले. ही ऊब बहुतांशी वर जाते, खाली थोडीच झिरपते, त्यामुळे ढिगाचे काम चुलीपेक्षा गोधडीचे अधिक आहे. तरीही प्रवेश नळीतून खोल सोडलेल्या तापमापकावर यंदा २३ अंश दिसत आहेत. गेल्या वर्षी याच दिवसांत ते १८ होते. एक खबरदारी मात्र सर्वांनी घ्यावी : घुमटावरची गॅसची नळी आणि कॉक ढिगाबाहेर मोकळे ठेवावेत, म्हणजे साबणाचे पाणी लावून गळती तपासता येते.

तापमापकाविषयी थोडेसे. माशांच्या टाकीसाठी मिळणारे, मीटरभर तार असलेले स्वस्त तापमापक या कामाला पुरत नाहीत. तार अपुरी पडते आणि मळीत जोडाजवळ पाणी शिरते. एका विक्रेत्याने जलरोधक म्हणून दिलेला असा तापमापक पहिल्याच आठवड्यात बंद पडला आणि त्याने तो बदलून देण्यास नकार दिला. त्यापेक्षा पोलादी आवरणातला संवेदक आणि लांब तार स्वतंत्र घेऊन जोडणे कितीतरी चांगले.

मधल्या काळात गॅस भरपूर असूनही ज्योत लपलपण्याचा त्रास झाला. गॅसमधली वाफ रात्री गार नळीत निवून पाणी होते आणि नळीला जिथे झोल असतो तिथे साचते. काळी एचडीपीई (टणक प्लास्टिकची) नळी गंजत नाही म्हणून मला पसंत आहे, परंतु तिला हातभर अंतरावर आधार दिला नाही तर ती लोंबते. आता सगळा उतार पाणी काढण्याच्या कॉककडे करून घेतला आहे आणि ज्योत पुन्हा निळी, स्थिर झाली आहे. ती पाहताना होणारा आनंद तुम्हा मंडळींना वेगळा सांगायला नको.

कोंबड्यांचेही थोडक्यात सांगतो. आपल्याकडे हिवाळ्यात उजेड अकराच तास मिळतो आणि अंडी घटण्यामागे थंडीपेक्षा ते कारण मोठे असते. पहाटे दिवा लावून उजेड चौदा तासांवर नेला, खुराड्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधले, आणि अंडी पूर्ववत झाली. करडांना रात्री डालग्याखाली भुसकटाची गादी पुरेशी होते.

पुढचा बेत संयंत्रावर बांबूच्या कमानी उभारून पॉलिथिनचा बोगदा करण्याचा होता आणि कागदाची मापेही घेऊन ठेवली होती. मात्र वरचा हिशेब लिहिताना लक्षात आले की निरभ्र दिवशी काळी टाकी आपले काम चोख करते, अडते ते ढगाळ दिवसांतच, आणि त्या दिवसांत बोगदाही फारसा तापणार नाही. ढीग मात्र ढगांची पर्वा न करता रात्रंदिवस तापलेला असतो. मग शेण कालवण्याचे पाणी त्या ढिगातूनच का फिरवू नये? फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात जाँ पँ यांनी १९७०च्या दशकात झाडोऱ्याच्या चुऱ्याचे मोठे ढीग रचून त्यांत नळ्यांची वेटोळी घातली होती, पाणी तापवले होते आणि ढिगाच्या पोटात पाचक ठेवून मिथेनही मिळवला होता. आपला ढीग त्या मानाने फारच लहान आहे, परंतु आपल्याला पाणीही रोज ५० लिटरच तापवायचे आहे. ढिगातून उष्णता फार भराभर काढली तर तो निवेल, म्हणून पाणी सतत न फिरवता वेटोळ्यात रात्रभर साठू द्यावे आणि दुपारी एकदाच काढावे, असे आता ठरवले आहे. एक इंची नळीच्या मीटरभर लांबीत सुमारे अर्धा लिटर पाणी मावते, म्हणजे शंभर मीटर नळी लागेल. ती एवढ्याशा ढिगात बसवणे अवघड दिसते, त्यामुळे निम्मे पाणी ढिगातून आणि निम्मे काळ्या टाकीतून घेण्याकडे माझा कल झुकत आहे. पॉलिथिनची मागणी थांबवली असून नळीचे भाव विचारले आहेत. नाशिक, नगर किंवा धुळे पट्ट्यात कोणाकडे तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र असेल, तर त्यांनी जानेवारीअखेरपर्यंत मळीचे तापमान रोज एकाच वेळी नोंदवून कळवावे. उघड्या लोखंडातून किती ऊब जाते, हे दीनबंधूशी ताडून पाहण्याची माझी फार इच्छा आहे.