सांत आनाची भिंत मापताना

मेझर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे उभी इमारत मापून तिचे नकाशे काढायच्या कॉलेजच्या कामासाठी, मी गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातल्या तळावलीचं सांत आना चर्च मागून घेतलं. जुन्या गोव्यातली चर्चेस सगळेच काढतात. १६८१ ते १६९५ या काळात एका खेड्यात उभं राहिलेलं हे चर्च मला त्यांच्याहूनही देखणं वाटतं.

कॉलेजचं पत्र घेऊन पाद्रींना भेटलो. मिस्साच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) वेळा सोडून मापं घ्यायची असं ठरलं. जुलैअखेरच्या फेस्ताचे, म्हणजे जत्रेचे, दिवसही वगळले, कारण मूल व्हावं म्हणून सांत आनाला तवशी (काकड्या) वाहायला तेव्हा लांबून जोडपी येतात.

आधी डेटम, म्हणजे सगळी उंची जिथून मोजायची ती आडवी रेषा. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी घेतली, पातळी धरून दोरी ताणली आणि सगळ्या उंच्या त्या दोरीपासून मोजल्या. प्लॅनसाठी चार बाजू पुरत नाहीत, कर्ण घ्यावाच लागतो. दर्शनी बाजू पाच मजली, दोन्हीकडे चौकोनी मनोरे. शिडी पोचते तिथवर टेप, पुढे लेसर.

खरी गंमत आतली आणि बाहेरची रुंदी कागदावर एकत्र आली तेव्हा सुरू झाली. मधे उरणारी भिंत अवाढव्य निघत होती. या भिंती पोकळ आहेत, त्यांच्या आतून वाट जाते! कुणाच्या नजरेस न पडता पापनिवेदनाला येता यावं म्हणून ही सोय केली, असं सांगतात. मला त्यात बांधकामाचं शहाणपणही दिसतं. मधल्या दालनावरचं कमानी छत भिंतींना बाहेर रेटतं. तो रेटा पेलायला भिंतीला रुंदी हवी, आणि पोकळी ठेवली की तेवढी रुंदी कमी चिऱ्यात (जांभ्या दगडात) मिळते. म्हणून मी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखा नकाशा, त्या वाटेतूनच कापला. शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे सुंदर आहेत, पण ते डिटेलच्या शीटवर गेले.

गिलाव्याची नोंद मात्र मी हट्टानं वेगळी केली. तो सुटतो तिथे चिऱ्याची भोकं बोटाला लागतात, आणि कोकणातला पाऊस थेट तिथूनच आत शिरतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, तेव्हापासून तिथला चिरा उघड्यावर झिजतो आहे. तळावलीचा पांढरा चुना हे त्या चर्चचं छप्परच आहे, तेव्हा ड्रॉइंगमध्ये त्याची जाडीही दाखवा.