तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं सापेक्षच ना?

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरताना कुणी ना कुणी थांबवतं. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे प्रश्न ठरलेला: "सर, शेवटी सगळं सापेक्षच ना? आइन्स्टाइननंच सांगून ठेवलंय." बहुतेकदा तो एखाद्या वादाच्या शेवटी येतो. तुमचं तुम्हाला खरं, माझं मला, विषय संपला. चालता चालता याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून लिहितो.

आइन्स्टाइन असं म्हणालेच नाहीत. उलट 'सापेक्षता' या नावामुळे तात्त्विक गैरसमज झाले, हे त्यांनी 1921 मधल्या एका पत्रात मान्य केलं होतं. मुलुंड-ठाण्याच्या मध्ये स्लो आणि फास्ट लोकल शेजारून धावतात, तेव्हा आपण पुढे जातोय की ती मागे, ते क्षणभर कळत नाही. वेग कुणाच्या तुलनेत ते सांगावंच लागतं, हे गॅलिलिओलाही माहीत होतं. 1905 मधलं आइन्स्टाइनचं धाडस त्यापुढचं आहे. लोकलच्या दिव्यातून निघालेल्या प्रकाशाचा वेग डब्यातल्या माणसाला आणि फलाटावरच्या माणसाला एकच भरतो, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. गाडीचा वेग त्यात मिळवायचा नाही. हे एक न बदलणारं धरलं, की दोघांची घड्याळं जुळेनाशी होतात. जे एकाला एकाच क्षणी घडलं, ते दुसऱ्याला मागेपुढे घडलेलं भरतं.

इथे मला आजोबा आठवतात. ते गिरगावात राहायचे. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईनं आपली 39 मिनिटं मागे असलेली वेळ सोडली नाही. गिरण्यांमध्ये त्यावरून कामगारांनी दंगा केला. पुढे कित्येक वर्षं शहरात दोन वेळा नांदल्या. गाडी गाठायची तर आजोबा घरच्या घड्याळात 39 मिनिटं मिळवायचे. सापेक्ष काळ म्हणजे असंच, ज्याचं घड्याळ त्याची मर्जी, अशी अनेकांची समजूत असते. पण मुंबईची वेळ माणसांनी ठरवली होती आणि माणसांनीच ती मोडली. निसर्गातल्या काळाला कुणाची संमती लागत नाही. तुमच्या फोनला घोडबंदर रोड दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 7 दशलक्षांश, मागे पडतात आणि तिथं गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात. एकूण 38 पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटर जातो, म्हणजे ठाण्याहून निघून दिवा स्टेशन ओलांडतो. म्हणून ती घड्याळं जमिनीवरच किंचित मंद लावून वर पाठवतात. मर्जीचा मामला असता तर किती मंद लावायचं, हे आधी कसं कळलं असतं?

मग गैरसमज इतका का पसरला? 29 मे 1919 च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वाकलेला मोजला गेला आणि ते जगभर गाजले. नुकतंच महायुद्ध संपलं होतं, जुने आधार ढासळले होते. अशा मनांना 'सापेक्ष' हा शब्द नेमका हवा तसा ऐकू गेला असावा, असं मला वाटतं. खरा प्रभाव दुसरीकडे आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. 'एकाच वेळी' हा रोजचा शब्द आइन्स्टाइननी उचलला आणि विचारलं, हे मोजणार कसं? न मोजता गृहीत धरलेल्या शब्दांकडे संशयानं पाहायला विसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ तिथून शिकले.

दोन निरीक्षकांचे आकडे वेगळे येतात. पण एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा काढायचं सूत्र दोघांचंही तेच असतं. म्हणून हल्ली मीच उलट विचारतो, "तुमच्या जागेवरून समोरच्याला काय दिसत असेल, ते काढून दाखवाल?" परवा एका गृहस्थांनी तलावाची अर्धी फेरी काहीच न बोलता मारली. मग सोसायटीतल्या पाण्याच्या वादाची हकिगत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली, या वेळी चौथ्या मजल्यावरून.