कानबाईला गावी गेलो आणि क्रेडिट कार्डाचं बिल पोस्टातून भरलं

यंदा आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचे रोट (नैवेद्य) रविवारी होते आणि माझ्या क्रेडिट कार्डाच्या बिलाची शेवटची तारीख लगेचच्या बुधवारी. पुण्यात असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. पण आमचं गाव शिरपूर तालुक्यात, बोराडीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. तिथे माझ्या सिमला रेंज नाही. रेंज नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे मोबाइलमधलं एकही ॲप कामाचं नाही. सणाला गावी जाणाऱ्या अनेकांना ही अडचण येते. गावातच राहणाऱ्यांना तर ती दर महिन्याला येते. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघालो आणि सकाळी धुळ्याला उतरलो. धुळ्याहून शिरपूर पन्नासेक किलोमीटर, आग्रा हायवेने सरळ रस्ता. सावळद्याच्या पुलावरून तापी दिसली, गढूळ आणि पात्रभर. शिरपूरहून बोराडीकडे एसटी मिळते, काळीपिवळीही मिळते. श्रावणात पुढचा रस्ता चिखलाचा असतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत घर गाठा. लागणारी रोकड शिरपूरलाच काढून घ्या. पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका.

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे कानबाई. सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा-सव्वा मूठ गहू घेऊन दळतात. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी असा नैवेद्य होतो. नारळाची कानबाई सजवून चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. एरवी पाच माणसांच्या घरात त्या दोन दिवसांत चाळीसजण होते. बिलाची आठवण मला थेट सोमवारी दुपारी झाली.

ओट्यावर बसून आप्पांना, म्हणजे माझ्या काकांना, शिरपूरला जायला गाडी कधी मिळेल ते विचारलं. बिलाचं नाव ऐकताच आप्पा आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून स्वतःचे कागद घेऊन आले. त्यांच्याकडेही क्रेडिट कार्ड आहे हे मला माहीतच नव्हतं. विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा नवी मोटार त्यांनी कार्डावर घेतली होती. त्यानंतर दर महिन्याला शिरपूरला जायचं, त्या बँकेच्या काउंटरवर रोख भरायची, रोख भरल्याबद्दल वेगळं शुल्क द्यायचं आणि दिवस मोडून परत यायचं, असं चाललं होतं. आणि भरत काय होते, तर बिलावरची ‘किमान देय रक्कम’.

“दर महिनाले भरस मी, मंग कमी काब होत नही?” आप्पांनी विचारलं.

त्यांच्याच कागदाच्या मागे हिशेब करून दाखवला. बाकी १८,४०० रुपये. त्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे ६४४. व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११६. झाले ७६०. किमान देय रक्कम बाकीच्या पाच टक्के, म्हणजे ९२०. त्यातले ७६० व्याज आणि करात गेले, मूळ बाकीतून फिटले फक्त १६०. आप्पा त्या १६० च्या आकड्याकडे बराच वेळ बघत होते. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय जुनी बाकी ओढत राहिली की नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. हे कार्ड देताना त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं, आणि मला त्याचा फार राग आला. आखाडात दोन बोकड विकल्याचे पैसे घरात होते. आप्पा म्हणाले, सगळंच भरून टाकू.

आता भरायचं कुठे? काकू म्हणाल्या, “पोस्टातल्या ताईंना विचारा ना, माझे लाडकी बहीणचे पैसे तिथंच येतात.”

तिथून सगळं सुटत गेलं. लाडकी बहीण योजना आली तेव्हा गावोगावच्या बायकांनी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत खाती उघडली. काकूंचंही तेच खातं आहे. पोस्टाचं जुनं बचत खातं वेगळं आणि हे वेगळं, इथे बहुतेकांची गल्लत होते. ही पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झाली. ती पूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची आहे, पण पेमेंट्स बँक असल्यामुळे तिला कर्ज देता येत नाही आणि स्वतःचं क्रेडिट कार्डही काढता येत नाही. खात्यात दिवसअखेर दोन लाखांपर्यंतच रक्कम राहू शकते. मात्र दुसऱ्या बँकेच्या कार्डाचं बिल भरण्यापुरती ती पुरेशी आहे.

मंगळवारी सकाळी गेलो. आमचं शाखा डाकघर म्हणजे पोस्टमास्तर ताईंच्या घराची पुढची खोली. बाहेर लाल पेटी, आत टेबल, वजनकाटा, तारखेचा शिक्का आणि मोबाइलला जोडलेलं अंगठ्याचं छोटं यंत्र. ताईंच्या मोबाइलमधलं सिम दुसऱ्या कंपनीचं, त्याला रेंज असते. शाखा डाकघर दिवसातून चार-पाच तासच उघडं असतं, म्हणून आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवा.

ताईंनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं ते असं: क्रेडिट कार्डाचं बिल रोख हातात देऊन परस्पर भरलं जात नाही. रोख आधी खात्यात जाते, मग खात्यातून बिल भरलं जातं. म्हणजे घरात कोणाचं तरी पोस्टाच्या बँकेत खातं हवं. नसेल तर आधार आणि मोबाइल नंबरवर ते तिथेच उघडता येतं, पण ते शेवटच्या दिवशी करायचं काम नाही.

आप्पांची रोकड काकूंच्या खात्यात टाकायला काकूंचा अंगठा लागला आणि तिथेच गाडी अडली. महिनाभर कपाशीची निंदणी केलेला हात. अंगठ्यावरच्या रेषा पार झिजलेल्या आणि कडेला विळ्याची जुनी खूण. यंत्राचा लाल दिवा लागायचा, विझायचा आणि ‘जुळत नाही’ असा संदेश यायचा. तीनदा झालं. काकू ओशाळल्या, जणू त्यांचीच काही चूक होती. ताईंनी वाटीत कोमट पाणी आणलं, बोटं बुडवायला लावली, पदराने कोरडी केली, यंत्राची काच पुसली आणि अंगठा सोडून मधलं बोट ठेवायला सांगितलं. लगेच जुळलं. शेतात राबणाऱ्या माणसाला घेऊन जात असाल तर हे लक्षात ठेवा. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, अंगठ्यावरच अडून बसायचं कारण नाही.

माझे पैसे पुण्याच्या बँकेत होते. त्यासाठी ताईंनी आधारवरून पैसे काढायची सोय वापरली. कोणत्याही बँकेचं खातं आधारला जोडलेलं असेल तर पोस्टात बोट ठेवून त्यातून रोख काढता येते, ओटीपी लागत नाही. एका व्यवहाराला १०,००० रुपयांची मर्यादा आहे. माझं बिल ८,६४० चं, त्यामुळे एका व्यवहारात काम झालं. ती रोख काकूंच्या खात्यात भरली. कोणी स्वतःच्या सुरक्षेसाठी आधारचे ठसे ‘लॉक’ केले असतील तर निघण्याआधी उघडून घ्या. गावात बिनरेंजचं ते जमणार नाही.

आता मुख्य काम. भारत बिल पेमेंट सिस्टीममध्ये, म्हणजे सगळी बिलं एकाच ठिकाणी भरायच्या व्यवस्थेत, वीजबिल, गॅस यांसारखा क्रेडिट कार्डाचाही विभाग आहे. दुसऱ्या ॲपमधून होणारा क्रेडिट कार्डाचा भरणा ३० जून २०२४ नंतर याच रस्त्याने व्हावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. आपल्या कार्डाची बँक यादीत निवडायची, बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे द्यायचे, की बिलाची रक्कम समोर येते. नाव आणि रक्कम स्वतः डोळ्यांनी वाचा, मगच पुढे जायला सांगा. ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ असे दोन पर्याय दिसले तर एकूणच भरा.

यात कार्डाचा पूर्ण नंबर, मागचा तीन आकडी नंबर, पिन यातलं काहीही लागत नाही. कोणी मागितलं तर तिथेच थांबा. आप्पा भोळेपणाने आख्खं कार्ड टेबलावर ठेवत होते, ताईंनीच ते उलटं करून परत दिलं. अशी माणसं गावाला मिळाली हे गावाचं भाग्य.

आप्पांचं बिल एका झटक्यात झालं. माझ्या बिलाचे पैसे खात्यातून कापले गेले आणि पडद्यावर ‘प्रलंबित’ आलं. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक कागदावर उतरवून घ्या, जमलं तर पडद्याचा फोटो काढा. मी बुधवारचा दिवस फार काळजीत काढला. गुरुवारी संध्याकाळी शेताच्या वरच्या बांधावर क्षणभर रेंज आली आणि कार्डाच्या बँकेचा भरणा मिळाल्याचा संदेश दिसला. एक दिवस उशीर झाला होता, पण दंड लागला नाही. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच उशिराचा दंड लावता येतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो अडीअडचणीला आहे. आपण मात्र शेवटच्या तारखेच्या निदान चार दिवस आधी भरावं.

तुमच्या कार्डाची बँक यादीत दिसत नसेल तर दुसरा रस्ता एनईएफटीचा, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचा. अनेक बँकांमध्ये खाते क्रमांकाच्या जागी कार्डाचा पूर्ण नंबर आणि त्या बँकेने कार्डासाठी दिलेला आयएफएससी (बँकेचा सांकेतिक क्रमांक) टाकून पैसे पाठवता येतात. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रविवारी आणि सणालाही, चोवीस तास चालतं. पण पैसे फक्त नंबर बघून जमा होतात, नाव जुळवलं जातं असं धरून चालू नका. एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच ठिकाणी. म्हणून नंबर एकाने वाचावा आणि दुसऱ्याने तपासावा. आयएफएससी बिलावरून किंवा बँकेच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, गूगलवर सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ला विचारून घेऊ नका. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे अडकले आणि कार्डाच्या बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची चौकशी १४४४८ वर होते. पोस्टाच्या बँकेचा स्वतःचा नंबर १५५२९९.

आणखी एक. काकूंचं खातं आम्ही घरच्या दोन बिलांसाठी वापरलं. गावातल्या कोणीही ‘जरा तुमच्या खात्यातून पैसे फिरवू’ म्हटलं तर मुळीच हो म्हणू नका. चोरीचा पैसा असाच फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. हे मी काकूंना दोनदा सांगितलं.

पोस्टमन घरी येऊनही हे सगळं करून देतो, त्याचं वेगळं शुल्क असतं, ते आधी विचारा. म्हाताऱ्या माणसांसाठी ते शिरपूरच्या फेरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

शुक्रवारी निघताना आप्पांनी दिनदर्शिका खाली काढली आणि मला पेन दिलं. बिलाच्या तारखेच्या पाच दिवस आधीच्या चौकटीत, पुढच्या चारही महिन्यांत, त्यांनी मला ‘पोस्ट’ असं लिहायला लावलं. ऑक्टोबरमधली चौकट रविवारी येत होती, ती खोडून त्यांनी स्वतःच शनिवारी लिहिलं.