दोन समांतर नळ्या

दगड उलटताच सैरभैर होऊन निसटणारा करडा, चपळ कोळी बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण तो कोणत्या कुळातला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला मात्र या प्रश्नाने गेली कित्येक वर्षे धरून ठेवले आहे. असा कोळी पुष्कळदा नॅफोसिडी कुळातला निघतो. संधिपाद संघ, अष्टपाद वर्ग, अ‍ॅरेनी गण अशी त्याची मांडणी आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी 1804 मध्ये नॅफोसा ही प्रजाती वर्णिली आणि तिच्यावरूनच पुढे कुळाचे नाव पडले. जुन्या ग्रंथांत हेच कुळ ड्रॅसिडी या नावाने भेटते, त्यामुळे नवख्या वाचकाचा गोंधळ उडतो. आज या कुळात 2000 हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

रंगावरून हे कुळ ओळखू पाहणे व्यर्थ आहे. कोळी भिंगाखाली धरून उदराचे मागचे टोक पाहावे. तेथे सूत काढणाऱ्या अवयवांची पुढची जोडी लांबट, नळीसारखी असते आणि त्या दोन नळ्या एकमेकींना न चिकटता, मध्ये मोकळी जागा ठेवून, समांतर बाहेर आलेल्या दिसतात. डोळ्यांच्या मागच्या ओळीतील मधले दोन डोळे पुष्कळदा चपटे, तिरके आणि चंदेरी असतात, तीही खूण उपयोगी पडते; परंतु खरा भरवसा नळ्यांवरच ठेवावा, असे माझे मत आहे. अमेरिकी कोळीतज्ज्ञ नॉर्मन प्लॅटनिक यांनी 1990 मध्ये याच अवयवांची सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तुलना करून या कोळ्यांच्या नात्यांची मांडणी केली.

तरीही कुळाची सीमा पक्की झालेली नाही. मुंगीसारख्या दिसणाऱ्या कोळ्यांची मायकेरिया ही प्रजाती पूर्वी दुसऱ्याच कुळात गणली जात असे. प्रोडिडोमिडी हे स्वतंत्र कुळ 2018 मध्ये नॅफोसिडीचे उपकुळ ठरले आणि 2022 मध्ये पुन्हा वेगळे झाले. अशा फेरबदलांना कोणी धरसोड म्हणेल. मला त्यात पुराव्याशी राखलेली निष्ठा दिसते.

त्या नळ्यांचे कामही पाहण्यासारखे आहे. हे कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाहीत. दिवसा रेशमी कोशात दडून राहतात आणि रात्री जमिनीवर शिकारीला निघतात. इतर कोळ्यांत ज्या ग्रंथींचा चिकट स्राव धागा पृष्ठभागाला डकवण्यासाठी वापरला जातो, त्या ग्रंथी यांच्यात मोठ्या झालेल्या असतात. समोर दुसरा कोळी, म्हणजे उलट चावू शकणारे भक्ष्य, आले की हा शिकारी त्याच्याभोवती वेगाने फिरत त्याचे पाय आणि मुखांगे चिकट पट्ट्यांनी जखडतो आणि मगच चावतो. याची किंमत मात्र त्याला मोजावी लागते: 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या बदलामुळे आपला धागा पृष्ठभागाला घट्ट डकवण्याची त्याची क्षमता कमी झाली आहे.