चीअर हा खेळ आहे का? मिशिगनहून ग्वाल्हेरकरांना

चीअरलीडिंग म्हटलं की आपल्याकडे २००८ची आयपीएल आठवते. बंगळूरच्या संघाने वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चीअरलीडर बोलावल्या होत्या. चौकार गेला की त्या सीमारेषेबाहेर नाचायच्या आणि आपले वडीलधारे तेवढ्यापुरतं वर्तमानपत्र उघडायचे. त्यामुळे माझी मुलगी सई इथे अमेरिकेत शाळेच्या चीअरच्या संघात निवडली गेली हे मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात सन्नाटा पसरला. बऱ्याच वेळाने आत्याचा मेसेज आला, "अभ्यास कसा चाललाय तिचा?"

भाऊकाकांनी मात्र सरळ फोन लावला. "मला एक सांग, ह्याला खेळ म्हणायचं का? गोल कुठे आहे, धाव कुठे आहे, हरलं कोण हे कळायचं कसं?" भाऊकाकांनी हे विचारावं ही गंमतच, कारण त्यांची तरुणपणीची सगळी संध्याकाळ जनकगंजजवळच्या एका आखाड्यात, एरंडेल चोपडलेल्या लाकडी खांबावर गेली. मल्लखांबातही गोल नाही आणि धावही नाही. त्यावर पुढे येतेच.

आधी इथे नक्की काय चालतं ते सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरात शुक्रवारी रात्री शाळेचे फुटबॉलचे सामने असतात. त्यांच्या कडेला उभं राहून घोषणा देणारा, प्रेक्षकांना पेटवणारा एक संघ असतो. आपल्याला माहीत असलेली चीअर ती. दुसरी हिवाळ्यात असते. तिथे फुटबॉल नसतो, कोणाला प्रोत्साहन द्यायचं नसतं. चटईवर फक्त या मुली आणि समोर पंच. मिशिगनमध्ये १९९४पासून मुलींच्या या चीअरची राज्य अजिंक्यपद स्पर्धा शालेय क्रीडा संघटनाच घेते. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. तीन फेऱ्या असतात आणि गुणांची बेरीज होते. पहिल्या फेरीत उड्या आणि हातापायांची अचूकता बघतात, शेवटच्या फेरीत मुली एकमेकींना हवेत उचलतात. सई आहे ती या हिवाळी संघात, आणि मी खेळ म्हणते तो याला. शुक्रवारच्या घोषणांबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या मजेच्या असतात.

एकदा न्यायला लवकर पोचले म्हणून सराव बघत बसले. वर जाते ती फ्लायर. खाली दोघी समोरासमोर, त्या बेस. फ्लायरचा एकेक पाय एकेकीच्या हातात. मागे उभी ती बॅक स्पॉट, तिचे हात फ्लायरच्या घोट्यांवर. कोणीतरी पाच-सहा-सात-आठ मोजतं, खालच्या दोघी गुडघ्यांतून वाकतात आणि सगळं वजन मांड्यांनी वर ढकलतात. पाठीने उचललं तर प्रशिक्षक तिथल्या तिथे थांबवतात. वरच्या मुलीने अंग आवळून ताठ ठेवायचं असतं, ढिली पडली तर खालच्यांना ती पेलत नाही. उतरताना ती आडवी खाली येते. बेसचे हात पाठीखाली आणि मांड्यांखाली, बॅक स्पॉटचे काखेखाली. डोकं जमिनीकडे जाऊ द्यायचं नाही, एवढं त्या तिसरीचं मुख्य काम. त्या दिवशी एक फ्लायर तिरकी आली. तिघींनी तिला पकडली खरी, पण एकीच्या नाकावर कोपर बसलं. रक्त पुसलं, बर्फ लावला, त्या मुलीला बाकावर बसवली, आणि दुखापती बघणाऱ्या शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरबाईंनी डोळे तपासून, प्रश्न विचारून झाल्याशिवाय तिला चटईवर पाय ठेवू दिला नाही. मुलगी "आय अॅम फाइन" म्हणत होती. तिचं कोणी ऐकलं नाही.

सई बेस आहे. कोपरापासून मनगटापर्यंत निळे डाग घेऊन घरी येते. नखं कापलेली, दागिने बंद. आजीने बारशाला दिलेल्या कुड्या डबीत गेल्या त्या हंगाम संपेपर्यंत. व्हिडिओ बघून आजी हळहळली, "तू खालीच का गं? वर नाही का नेत तुला?" सई तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, वरची पडली तर मी कॅच करते. मी पडले तर सगळेच पडतात." आजीला ते फारसं पटलं नाही. नात वर दिसायला हवी होती.

हे सुरू पुरुषांनी केलं हे आपल्याकडे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. २ नोव्हेंबर १८९८ला मिनेसोटा विद्यापीठाच्या सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांपुढे उभा राहून घोषणा द्यायला लागला, तो पहिला चीअरलीडर मानतात. मुली आल्या त्या १९२३च्या सुमारास. आयझेनहॉवर, रेगन आणि धाकटे बुश हे तिन्ही राष्ट्राध्यक्ष आपापल्या विद्यार्थिदशेत चीअरलीडर होते. पुरुष करत होते तोवर ते नेतृत्व होतं आणि मुली करायला लागल्यावर शोभा झाली, हा शेरा माझा.

आता भांडण. अमेरिकेत हा प्रश्न चहाच्या टेबलावरचा नाही, कोर्टातला आहे. १९७२च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घातली. म्हणजे मुलींनाही खेळायची तेवढीच संधी हवी. कनेटिकटमधल्या क्विनिपियाक विद्यापीठाने २००९मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचं ठरवलं आणि त्याऐवजी चीअरचा संघ उभा केला. संघात मुली भरपूर आणि खर्च कमी, हिशेब सोपा होता. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक कोर्टात गेल्या. २०१०मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी निकाल दिला की या कायद्यापुरती तरी चीअर अजून खेळ म्हणून मोजता येणार नाही. २०१२मध्ये अपील कोर्टानेही तेच उचलून धरलं.

चीअरवाल्या मुलीची आई म्हणून मला या निकालाचा राग यायला हवा होता. आला नाही. या मुलींना कसब नाही किंवा कष्ट नाहीत असं न्यायाधीशांनी म्हटलंच नव्हतं. बोट ठेवलं होतं ते व्यवस्थेवर: प्रत्येक स्पर्धेचे नियम निराळे, हंगामाचा शेवट कशात व्हायचा ते धड ठरलेलं नाही, समोर कधी विद्यापीठाचा संघ तर कधी खासगी क्लबचा. खेळ असेलही, पण त्याला घर नव्हतं. पुढे काही विद्यापीठांनी ते बांधायला घेतलं. उड्या, कोलांट्या आणि उचलण्याचा भाग वेगळा काढून ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग नावाने ठरलेले नियम, ठरलेला हंगाम आणि समोरासमोरचे सामने सुरू केले, आणि २०२०मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, त्याला मुलींच्या उदयोन्मुख खेळांच्या यादीत घेतलं. स्टंट नावाचा त्याचा चुलतभाऊही मागून त्या यादीत आला.

"पंच गुण देतात म्हणून खेळ नाही" हा मुद्दा इथेही ऐकू येतो. त्यावर माझ्याकडे फार वेळ नाही. मग जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग आणि फिगर स्केटिंग ऑलिंपिकमधून काढा आणि या.

हे सगळं सांगितल्यावर भाऊकाका जरा थांबले आणि म्हणाले, "आमचंही असंच झालं होतं की." मग गाडी रुळावर आली. १९५८ला दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब दाखवला गेला, आणि १९६२ला तो पहिल्यांदा स्पर्धेचा प्रकार म्हणून आला तो आपल्या ग्वाल्हेरात. काका तेव्हा शाळकरी पोर. त्यांना गुण-बिण काही आठवत नाही. परगावचे खेळाडू पांढऱ्या चादरीवर जेवायला बसले होते आणि आपल्या घरच्या बायका वाढत होत्या एवढं आठवतं. १९७६मध्ये जिम्नॅस्टिक्स महासंघाने मल्लखांब बाजूला काढला. चार-पाच वर्षं राष्ट्रीय स्पर्धाच नाहीत. मग १९८१च्या जानेवारीत उज्जैनला मल्लखांबाची स्वतःची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१३ला मध्य प्रदेशने त्याला राज्याचा खेळ केलं, २०२०ला केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतल्या क्रीडा कोट्यात तो आला, त्याच वर्षी उज्जैनच्या योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

"खांब तोच, अढी (खांबावरची पायांची पकड) तीच," काका म्हणाले. "आम्ही बासष्टला खेळाडू होतो, शहात्तरला नव्हतो, एक्याऐंशीला पुन्हा झालो."

मी विचारलं, मग फरक काय पडला? ते म्हणाले, गादीचा. त्यांच्या वेळी खांबाभोवती उकरलेली माती असायची. एक मुलगा वरून सुटला, हात मोडला, त्याला सायकलच्या दांडीवर बसवून हाडवैद्याकडे नेला. हात वाकडा जुळला. घरच्यांनी त्याचा आखाडा बंद केला आणि वस्तादांना कोणी जाब विचारला नाही, कारण विचारायचा कोणाला? आज स्पर्धेत गादी असते, डॉक्टर असतो, प्रशिक्षकाकडे कागद असतो. एवढ्यासाठी तरी मान्यता पाहिजे, असं काका म्हणाले. गोल कुठे आहे हा प्रश्न त्यांनी परत काढला नाही.

मला म्हणायचं आहे ते इथेच येतं. अमुक गोष्ट खेळ आहे की नाही हा वाद आपण मानाचा समजतो. तो मानाचा कमी आणि जबाबदारीचा जास्त आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२मध्ये चीअरला खेळाचा दर्जा द्यावा असं सांगितलं, २०१४मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही तीच भूमिका घेतली. डॉक्टरांना या भांडणात पडायचं कारण काय? त्यांच्यापुढचे आकडे विचित्र होते. एकूण दुखापती बघितल्या तर चीअर बऱ्याच खेळांपेक्षा सुरक्षित दिसते. पण मान, मणका, मेंदू अशा आयुष्य बदलून टाकणाऱ्या दुखापती मोजल्या, तर शाळकरी मुलींच्या सगळ्या खेळांत मिळून जेवढ्या होतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकट्या चीअरमधल्या निघाल्या. खेळ म्हटलं की वैद्यकीय तपासणी आली, प्रशिक्षित प्रशिक्षक आला, ट्रेनर आला, सरावाच्या जागेचे नियम आले. छंद म्हटलं की यातलं काही नाही; शाळेच्या कॉरिडॉरमध्ये फरशीवर उचलाउचली केली तरी चालते. कॅलिफोर्नियाने २०१५मध्ये कायदा करून स्पर्धात्मक चीअरला शालेय खेळांत घ्यायला लावलं, त्यामागेही हीच काळजी होती. सईच्या मैत्रिणीचं नाक फुटलं तेव्हा त्या ट्रेनरबाई तिथे होत्या, कारण मिशिगनने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. शेजारच्या गावातल्या एका खासगी क्लबात असंच झालं तेव्हा आईला फोन करून "येऊन घेऊन जा" एवढंच सांगितलं गेलं होतं.

मान्यता उलट्या बाजूनेही देता येते, त्याचं उदाहरण आपल्या घरचंच. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२२मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि त्याच घोषणेत गोविंदांना नोकऱ्यांतल्या क्रीडा आरक्षणाचा लाभ देऊ केला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं चिडली, ते समजण्यासारखं आहे. माझी तक्रार निराळी. त्याआधी काही वर्षं थर किती उंच आणि वरचं पोर किती लहान, यावर कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या: २०१४ला मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली, २०१७ला ती उठली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई एवढं उरलं. आधी चटई, प्रशिक्षक आणि नियम, मग दर्जा, मग नोकरी, असा क्रम असायला हवा होता. आपण नोकरीपासून सुरुवात केली.

ऑलिंपिकचं सगळे विचारतात, म्हणून सांगून टाकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरच्या जागतिक संघटनेला २०१६मध्ये तात्पुरती आणि जुलै २०२१मध्ये टोकियोच्या अधिवेशनात पूर्ण मान्यता दिली. याचा अर्थ पदकं मिळणार असा नाही. २०२८च्या लॉस एंजेलिसमध्ये क्रिकेट आहे, फ्लॅग फुटबॉलही आहे. ज्याच्या कडेला उभं राहून शंभर वर्षं घोषणा दिल्या त्या फुटबॉलचा धाकटा भाऊ आत गेला आणि घोषणा देणाऱ्या बाहेर राहिल्या.

आत्याने परवा विचारलं, यात स्कॉलरशिप मिळते का. मिळते, थोड्या मुलींना, थोड्या कॉलेजांत. त्या भरवशावर कोणी गणित मांडू नये. उलट खर्चाची बाजू मोठी आहे. शाळेच्या संघाचं भागतं, पण खासगी क्लबांत फी, गणवेश, एप्रिलात फ्लोरिडातल्या ऑरलँडोची वारी, सगळं अडीच मिनिटांच्या एका सादरीकरणासाठी. या धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीने गणवेशही विकायचे, शिबिरंही घ्यायची आणि स्पर्धाही भरवायच्या, म्हणून मक्तेदारीचे खटले झाले आणि कोट्यवधी डॉलरच्या तडजोडी झाल्या. खेळाची सूत्रं दुकानदाराच्या हातात राहू नयेत, यासाठीही सार्वजनिक संघटना हवी.

तेव्हा माझं मत मान्यता द्यावी असं आहे, आणि शाळेच्या पालकसभेत मी तसं बोललेही आहे. तिथे एका वडिलांनी मुद्दा काढला की चीअरच्या मुली वाढल्या तर टायटल नाइनचे आकडे आपोआप जुळतील, मग मुलींच्या एखाद्या महागड्या संघाला कात्री लावता येईल. ते गमतीत म्हणाले की खरंच, मला कळलं नाही. पण उद्या कोणी खरोखर मुलींचा व्हॉलीबॉल बंद करून चीअरचा संघ दुप्पट करायचा घाट घातला, तर मी व्हॉलीबॉलवाल्यांच्या बाजूने उभी राहणार आहे. सईला तसं सांगून ठेवलंय. ती दोन दिवस बोलली नाही.